उसन्या चालीचं गाणं

जांभुळधऱ्याच्या बाजारात कापड दुकानाच्या ओट्यावर देवीलाल आडे शिलाई मशीन घेऊन बसायचा. गावात दुसराही एक शिंपी होता. त्याचा हात देवीलालपेक्षा साफ होता, दिलेला वायदाही तो पाळायचा. तरी जवान पोरं कपडा घेऊन देवीलालकडेच यायची, कारण मशीनशेजारी चिंध्यांच्या ढिगावर त्याचा बँजो पडलेला असायचा. सदऱ्याला बटणं लावायची राहिली तरी चालतील, पण पुसदच्या टॉकीजमध्ये लागलेल्या नव्या सिनेमाची चाल दोन दिवसांत बसली पाहिजे, असा त्याचा हिशेब. टाइपरायटरसारख्या त्या कळांवर डाव्या हाताची बोटं नाचत, उजव्या हातातली पट्टी तारांवर खरखरे, आणि पाय मात्र सवयीनं मशीनचं पायडल हलवत राहत. लोक त्याला बँजो टेलर म्हणत, आणि त्याला ते आवडायचं.

राहायला तो नाल्यापलीकडे तांड्यावर होता. पणजोबाच्या काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडणारी ही बंजाऱ्यांची माणसं आता कापूस-तूर पेरून तिथंच मुरली होती. घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, आणि गाणं म्हणायचं झालं तर ज्याला जे येईल ते.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात एक दिवस देवीलाल ओट्यावर कोणाच्या तरी पायजम्याची शिलाई मारत होता. समोरून शाळेतली पोरं गात गेली. चाल ओळखीची होती. इतकी ओळखीची, की त्यानं नकळत मान डोलावली. मग शब्द कानात शिरले आणि त्याचा पाय पायडलवर थांबला.

मोहावाणी गोड गडी, डब्यावाणी भरला,
जीप फसली नाल्यात, अन् घनश्यामभाऊ तरला.

गाणं त्याचंच होतं. वर्षभरापूर्वी त्यानंच ते केलं होतं. फक्त तेव्हा त्याचे शब्द निराळे होते.

देवीलालला गाण्याचा नाद लागला तो मिसरूड फुटायच्या आधी. बाप खेमसिंग त्याला पुसदच्या बाजारात सरकी विकायला सोबत न्यायचा. तिथं एका हॉटेलात रेडिओ होता. बाप सौदा करत उभा, आणि पोरगा हॉटेलच्या दारात तोंड उघडं टाकून. चहा प्यायला पैसे नसायचे, म्हणून हॉटेलवाला हाकलायचा. हा रस्त्याच्या पलीकडच्या कडेला जाऊन उभा राहायचा, कारण रेडिओचा आवाज तिथवरही यायचा. परतताना बैलगाडीत तो ते गाणं पुन्हा पुन्हा म्हणायचा, विसरू नये म्हणून. खेमसिंग काही वेळ ऐकून घ्यायचा, मग म्हणायचा की आता बैलांना ऐकू दे जरा चाकाचा आवाज.

खेमसिंग तांड्याचा नगारा वाजवायचा. होळीला लेंगी सुरू झाली, म्हणजे बाया-माणसं फेर धरून गाऊ लागली, की त्याच्या टिपरीवर सगळा तांडा पाय उचलायचा. तो मोठा अबोल माणूस. पण सिनेमाच्या गाण्याबद्दल त्याचं एक मत होतं आणि ते तो कोणालाही ऐकवायचा. आपल्या गाण्यात तांड्याचं नाव येते, नायकाचं येते, गायीचं येते, कोणत्या डोंगराखाली मुक्काम पडला ते येते. या गाण्यात काय येते? चंद्र येते. चंद्र काय पुसदचा आहे?

"ज्या गाण्याले आपला मालक ठाऊक नाही," तो म्हणायचा, "ते गाणं कोणाच्याही घरी जेवाले बसते."

आई बिजलीबाईचं म्हणणं वेगळं होतं. देवीलाल तिला याडी म्हणायचा. त्यांच्या बोलीत आईला याडीच म्हणतात. याडीनं एकदा पोराच्या हट्टापायी हॉटेलपलीकडच्या त्याच्या जागेवर उभं राहून रेडिओ ऐकला. डोक्यावरचा पदर सारून, कान देऊन, गाणं संपेपर्यंत ऐकला. पोरगा तिच्या तोंडाकडे पाहत होता. गाणं संपल्यावर तिनं विचारलं, "या पोरीले घरी जेवाले देत नाहीत काय गा? किती बारीक आवाज तिचा."

देवीलालला तेव्हा रडू आलं होतं. पण तिनं वाटेत आणखी एक सांगितलं. ती म्हणाली, आवाज गोड आहे, मी नाही म्हणत नाही. पण हे गाणं माणसाले चूप बसवते. एक जण गाते अन् गावभर लोक तोंड बंद करून उभे. आपल्या लेंगीत कोणी चूप बसलं तर बाजूची बाई कोपर मारते. एकट्याचं गाणं मले तरी एकट्यानं जेवल्यावाणी वाटते.

पुढं कापूस वेचायच्या मजुरीतून देवीलालनं बँजो आणला, तेव्हा घरात काही भांडण झालं नाही. खेमसिंगनं तो हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला, एक कळ दाबली, दचकला, आणि गोठ्यात नेऊन ठेवायला सांगितलं. गोठ्यातच पोरगा शिकला. बाप म्हणे, याच्या वाजवण्यानं गाय दूध चोरून राह्यली. पण गायीला गोठ्यातून हलवलं नाही आणि पोरालाही नाही. साठ साली खेमसिंग तापानं गेला, त्यानंतर नगारा तांड्याचा प्रमुख, हिरासिंग नायक, याच्या घरी गेला. देवीलालला कोणी तो घे म्हटलं नाही, आणि त्यानंही मागितला नाही.

बासष्टमध्ये जिल्हा परिषदेची पहिलीच निवडणूक आली. जांभुळधऱ्याचे घनश्यामराव उभे राहिले. कापसाच्या शेतीतून वर आलेलं घर, अंगावर खादी, दारात मिलिटरीतून निकाली निघालेली जीप. ते दारूबंदी मंडळावर होते आणि दारूबंदीचे मोठे प्रचारकही होते. बाकीचे पुढारी तांड्यावर यायचे ते जीपमधूनच हात जोडायचे. घनश्यामराव आले ते खाली उतरले, नायकाच्या ओसरीत चटईवर बसले, बिजलीबाईनं वाढलेली भाकर आणि तुरीच्या दाण्याची आमटी जेवले, आणि आणखी अर्धी भाकर मागून घेतली. मग म्हणाले की तांड्यावर पोलिसांची धाड पडते, बाया फरफटत नेतात, हे मी बंद करून दाखवतो. पण तुमच्या घरची भट्टी तुम्ही बंद करा. तुम्ही शब्द द्या, मी शब्द देतो.

तांड्यानं शब्द दिला. बंजाऱ्यांचे संत सेवाभाया यांच्या देवळासमोर ज्याच्या त्याच्या घरची भट्टीची मडकी आणून फोडली. पहिलं मडकं बिजलीबाईनं फोडलं. तिचा भाऊ दारूपायी गेला होता.

देवीलालनं त्या रात्रीच गाणं बांधलं. चाल सिनेमातली, शब्द आपले.

दुधावाणी पांढरा गडी, पाण्यावाणी खरा,
घनश्यामभाऊले मत देऊन गाव सुधार करा.

हे गाणं वाऱ्यासारखं पसरलं. जीपवर भोंगा बांधला, देवीलाल बँजो घेऊन मागं बसला, आणि तांड्यातलाच भावसिंग ड्रायव्हर म्हणून गाडी हाणू लागला. गावोगाव पोरं जीपमागं धावायची. घनश्यामराव निवडून आले, आणि मिरवणुकीत देवीलालच्या गळ्यात त्यांनी आपल्या गळ्यातला हार घातला. तो हार घालूनच तो घरी आला. याडी चुलीपुढं होती. तिनं गाणं ऐकलं होतंच. तिनं एवढंच विचारलं की यातलं घनश्यामचं नाव काढून दुसऱ्या कोणाचं घातलं तर चालीत बसते काय. देवीलाल हसून म्हणाला, बसते की. याडी म्हणाली, बरं, आणि भाकर उलटली.

त्रेसष्टच्या त्या उन्हाळ्यात घडलं ते असं. बाजाराच्या दिवशी देवीलाल दोरा-अस्तर आणायला पुसदला गेला होता. दुपारी घनश्यामरावांची जीप तांड्याजवळच्या नाल्यात उतरली आणि वाळूत रुतली. मागं सरकीची पोती रचलेली. भावसिंग चाकावर, शेजारी घनश्यामराव. नाल्याच्या डबक्यावर बाया धुणं धूत होत्या, त्यांत बिजलीबाई आणि जमनी, म्हणजे देवीलालची बायको, होत्या. बाया धावल्या, रानातून दोन-चार माणसं आली, हिरासिंग नायक आला. सगळ्यांनी रेटा दिला. जीप एकदम उसळली, तिरपी झाली, आणि पोती घसरून खाली आली. पोत्यांखाली घासलेटचे डबे होते. एक डबा दगडावर आपटून फुटला, आणि नाल्यात मोहाच्या दारूचा असा वास सुटला की धुणं धुणाऱ्या बायांनी नाकाला पदर लावले.

घनश्यामराव खाली उतरले. धोतर सावरलं, आणि पायवाटेनं गावाकडं चालू लागले. नाल्यावर गर्दी जमली. बाजारातून परतणारा एक जमादार सायकलवरून तिथं आला, आणि त्याला जीपजवळ सापडला तो भावसिंग.

संध्याकाळपर्यंत घनश्यामरावांचा निरोप गावभर पोहोचला होता. मी जीपमध्ये नव्हतोच. मी घरी होतो. तांड्याचा पोरगा, त्याला मी पोटाला लावलं, आणि त्यानं माझ्या पाठीमागं माझ्या गाडीत हा धंदा केला. यवतमाळच्या एका साप्ताहिकात चार ओळी छापून आल्या, त्यातही तसंच आलं. मग हळूहळू हेही बाहेर पडलं की घनश्यामरावांच्या संत्र्याच्या बागेत, पार शेवटच्या धुऱ्याला, भट्टी चालायची. तांड्यानं मडकी फोडल्यापासून ती जोरात चालायची. पण हे बाजारात कुजबुजीनं बोललं जाई, मोठ्यानं कोणी बोलेना.

घनश्यामराव जीपमध्ये होते, हे देवीलालनं मानलंच नाही. घरी आल्या आल्या जमनीनं सांगितलं, तर तो म्हणाला तुमच्या पाहण्यात चूक झाली असन. याडी म्हणाली की मी त्यांच्या हाताएवढ्या अंतरावर होती, त्यांच्या धोतराले वाळू लागली होती. त्यावर तो आईला म्हणाला, "तू म्हातारी झाली याडी. उन्हात काही दिसते तुले?"

बिजलीबाई उठली आणि गायीला पाणी दाखवायला गोठ्यात गेली. 

चार-सहा दिवस देवीलाल बाजारात घनश्यामरावांच्या बाजूनं भांडला. हॉटेलात भांडला, कापड दुकानदाराशी भांडला, एका गिऱ्हाइकाचं माप घेता घेता भांडला आणि माप चुकवलं. घनश्यामभाऊ असं करूच शकत नाही, असं तो म्हणे. ज्यानं आपल्या ओसरीत बसून अर्धी भाकर मागून घेतली तो असं करन काय? लोक ऐकून घेत आणि हसत. खरं म्हणजे तो घनश्यामरावांसाठी भांडत नव्हता, आपल्या गाण्यासाठी भांडत होता. दुधावाणी पांढरा, पाण्यावाणी खरा. हे त्यानं लिहिलं होतं, आणि लिहिताना त्याला ते खरं वाटलं होतं.

मग पोरांचं ते बदललेलं गाणं त्याच्या कानावर पडलं. त्यानं मशीनवर कापड झाकलं आणि सरळ घनश्यामरावांच्या घरी गेला. त्यांच्या तोंडूनच ऐकावं, म्हणजे गावाला उत्तर देता येईल, अशा विचारानं.

घनश्यामरावांनी त्याला बैठकीत बसवलं. चहा मागवला, कपबशीतला. आपल्या घरात असतो तसा लोटाभर चहा नव्हे, पण प्रेमानं दिलेला. तब्येत विचारली, याडीची चौकशी केली. देवीलालचं मन हलकं होत चाललं होतं. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"हे पाह्य देवीलाल," ते म्हणाले, "भावसिंगले दोन-चार महिने होतील. त्याच्या घरचं मी पाहून राह्यलो. तू एक काम कर. त्याच चालीवर एक नवं गाणं बसव. विरोधकांनी कसा डाव केला, घरच्याच ड्रायव्हरनं कसा दगा दिला. तुझ्या गाण्याले लोक मानतात."

देवीलालनं विचारलं, "भाऊ, तुमी जीपमध्ये होते काय?"

घनश्यामराव हसले. रागावले नाहीत. लहान पोरानं भलतंच विचारल्यावर मोठी माणसं हसतात तसे हसले. म्हणाले, राजकारणात कोण कुठं बसलं होतं ते मागून ठरते.

देवीलालनं चहा अर्धा ठेवला. उठताना त्यानं हात जोडले, सवयीनं. दारातून बाहेर पडेपर्यंत त्याला बापाचा आवाज ऐकू येत होता, बैलगाडीच्या धुरेवरून मागं न पाहता बोललेला. कोणाच्याही घरी जेवाले बसते. पोरवयात त्याला वाटायचं की बापाला गाण्यातलं काही कळत नाही, जुना माणूस, नगाऱ्यापलीकडं त्याला जग नाही. नाल्यापर्यंत येता येता त्याला वाटलं की बाप चंद्राबद्दल बोलतच नव्हता. त्याला भावसिंगचं तोंड आठवलं. प्रचाराच्या दिवसांत भावसिंग गाडी हाणताना त्याचंच गाणं गायचा, बेसूर, चढावर तर फारच बेसूर. आता त्याच चालीवर त्यालाच चोर म्हणायचं होतं, आणि चाल नाही म्हणणार नव्हती. चालीत ते नीट बसलं असतं.

तांड्यावर आल्यावर त्यानं आधी भावसिंगच्या घरी डोकावलं. सुखीबाई, भावसिंगची बायको, दळत बसली होती. तिनं सांगितलं की घनश्यामरावांचा माणूस ज्वारी टाकून गेला, आणि भावसिंगनं तोंड उघडू नये असंही सांगून गेला. ज्वारीचं पोतं तिनं अजून सोडलं नव्हतं. उसनी आणलेली ज्वारी ती दळत होती.

मग तो आईपुढं जाऊन बसला. झालं ते सगळं त्यानं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "याडी, तुले दिसलं होतं. माहंच दिसणं खराब झालं होतं."

बिजलीबाईनं त्याला टोमणा मारला नाही. मी सांगितलं होतं, असंही म्हटलं नाही. ती लसूण सोलत होती, तिनं अर्धा लसूण त्याच्यापुढं सरकवला. दोघं सोलत बसले. सोलता सोलता तिनं विचारलं की ते गाणं करताना तू कोणाले विचारलं होतं काय.

देवीलाल म्हणाला, गाणं काय विचारून करतात?

"लेंगी कशी करतात?" ती म्हणाली. "एक बाई एक ओळ घालते. दुसरी म्हणते हे खोटं आहे, काढ. तिसरी म्हणते राहू दे, पण नाव बदल. पार होळी पेटेपर्यंत भांडण. तुहं गाणं आमच्या फेरात आलं असतं, तर सुखीनंच म्हटलं असतं, पाण्यावाणी खरा कायले? पाणी काय नेमी खरं असते? मंग तुले आणखी इचार करा लागला असता. एकट्यानं केलं, तर आता एकट्यालेच निस्तरा लागते."

बापाच्या माघारी ती पहिल्यांदाच इतकं बोलली होती. मग तिनं हेही सांगितलं की तुझ्या बँजोचा मला कधी राग नव्हता. तुझा बा गोठ्यात जाऊन झोपायचा, ते गायीसाठी असं तुम्हाला सांगायचा. मला तर तो आवाज मांजराच्या पिल्लासारखा वाटायचा, पण मांजराच्या पिल्लाला कोणी घराबाहेर काढतं काय?

देवीलाल हसला. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, चल, तर आपण सगळे मिळून करू.

दुसऱ्या दिवशी हिरासिंग नायकाच्या ओसरीत तांडा जमला. होळी होऊन गेली होती, आणि होळीशिवाय लेंगी गाऊ नये असा रिवाज. हिरासिंग कुरकुरला. बिजलीबाई म्हणाली की भावसिंग काय होळी पाहून तुरुंगात गेला काय? मग हिरासिंगनं नगारा काढला. देवीलाल बँजो घेऊन बाजूला बसला, पण चाल त्यानं दिली नाही. चाल जुनीच घेतली, त्याच्या बापाच्या नगाऱ्यावरची, आणि बँजोला ती सुरुवातीला जमेना. तारा भलतीकडंच जात. बायांना हसू येई.

शब्द मात्र भराभर आले. ज्यानं जे पाहिलं तेवढंच त्यानं घालायचं, असं ठरलं. जमनीनं वाळू लागलेलं धोतर घातलं. एका म्हाताऱ्यानं सांगितलं की मी रेटा देताना घनश्यामरावांनी वरून मला म्हटलं, जरा जोरानं लाव. तेही घातलं. हिरासिंगनं पायवाटेनं गेलेली पाठ घातली. कोणी एक जण म्हणाला की त्यांच्या हातात बाटली होती. बायांनी विचारलं, तू पाह्यली? तो म्हणाला, पाह्यली नाही, असन. ती ओळ काढून टाकली. देवीलाल हे बघत राहिला. त्याच्या गाण्यातून आजवर कोणी एक शब्दही काढला नव्हता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सगळा तांडा तालुक्याच्या ठाण्यावर गेला. फौजदार म्हणाला की मामला साफ आहे, कोणाची जबानी नको, घरी जा. त्यावर कोणी वाद घातला नाही. सगळे समोरच्या लिंबाखाली बसले, हिरासिंगनं नगाऱ्यावर टिपरी टाकली आणि बायांनी फेर धरला. बाजार तो. पाहता पाहता गर्दी झाली. ज्यांना गोरबोली कळत नव्हती त्यांना देवीलाल एकेक ओळ वऱ्हाडीत सांगत गेला. धोतराला वाळू कशी लागली, जोरानं लाव कोण म्हणालं, पायवाटेनं कोण गेलं. गर्दीतून कोणी विचारलं, हे कोणी पाह्यलं? तर फेरातली एक बाई थांबून म्हणे, मी. आणि पुन्हा फेरात शिरे. थोड्या वेळानं फौजदार बाहेर आला. तो रागानं आला होता, पण ऐकत उभा राहिला. मग त्यानं हिरासिंगला आणि बायांना आत बोलावलं आणि जबान्या लिहून घेतल्या. आठ दिवसांत दुसऱ्या एका साप्ताहिकात पूर्ण हकिकत आली, नावासकट.

यानं सगळं सरळ झालं असं नाही. घनश्यामरावांवर खटला भरला, तो लोंबत राहिला आणि शेवटी ते पुराव्याअभावी सुटले. मोठी माणसं सुटतात तसे. पण दारूबंदी मंडळावरून त्यांना उतरावं लागलं. सदुसष्टच्या निवडणुकीत ते पडले, आणि पडले ते जांभुळधऱ्यातच जास्त पडले. भावसिंगला मात्र पहिल्या महिन्यातच जामीन मिळाला. त्यानं ठाण्यात खरं ते सांगून टाकलं होतं. गर्दीचा आवाज कोठडीत ऐकू आला होता, असं तो पुढं सांगायचा. त्याच्यावर थोडा दंड बसला. नंतर त्यानं पांढरकवड्याला ट्रकवर नोकरी धरली आणि तो नागपूर-हैदराबाद रस्त्यावर गाडी हाणू लागला.

देवीलालच्या ओट्यावर पुढंही उमेदवार आले. सगळ्या झेंड्यांचे आले. तो कोणाला नाही म्हणाला नाही. तो म्हणायचा, गाणं करतो की. पण तांड्यावर चला, ओसरीत बसा, बाया जे जे विचारतील ते सांगा, त्यांना पटेल तेवढं गाण्यात घालू. उमेदवार म्हणत, येतो. कोणी आलं नाही. लग्नसराईत मात्र तो सिनेमाच्या चाली वाजवत राहिला. त्याचा नाद काही सुटला नव्हता, आणि सुटावा असं घरातही कोणाला वाटत नव्हतं.

भावसिंग जामिनावर सुटून आला त्या संध्याकाळी तांड्यानं त्याला ओसरीत बसवून त्याचीच लेंगी ऐकवली. तो मान खाली घालून ऐकत होता. एका ओळीत असं होतं की जमादारानं दंड धरला तेव्हा भावसिंग रडला. तिथं त्यानं मान वर केली.

"मी रडलो नोतो," तो म्हणाला. "ते काढा."

बाया थांबल्या. हिरासिंगची टिपरी थांबली. सगळ्यांनी बिजलीबाईकडं पाहिलं.

"रडला होता," बिजलीबाई म्हणाली. "मी हाताएवढ्या अंतरावर होती."

भावसिंगनं देवीलालकडं पाहिलं. देवीलालनं बँजोवरची बोटं उचलली आणि सांगितलं की हे गाणं माझ्या हातातलं नाही बाप्पा, बायांना विचार. तेव्हा सुखीबाई, जी इतका वेळ नवऱ्याच्या मागं पदर ओढून बसली होती, ती म्हणाली की रडला ते राहू द्या, पण त्याच्यापुढं एक ओळ घाला, की त्या दिवशी त्याच्या घरची बाईही रडली. ते कोणी पाहिलं नाही, पण मी सांगून राह्यली.

बायांनी आपसात पाहिलं. ओळ घातली गेली, आणि नगारा पुन्हा सुरू झाला.